हजेरीपटावर नसलेला प्रेक्षक: अनधिकृत डाउनलोडमुळे अ‍ॅनिमेचे नेमके काय बिघडते

ऑगस्ट २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर यायच्या असलेल्या काही अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिकांचे भाग प्रदर्शनाआधीच इंटरनेटवर फुटले. नेटफ्लिक्ससाठी काम करणाऱ्या एका कंपनीकडून कमी दर्जाच्या, केवळ कामापुरत्या बनवलेल्या प्रती बाहेर पडल्या आणि बघता बघता सर्वत्र पसरल्या. अशी बातमी आली, किंवा फुकट अ‍ॅनिमे दाखवणारे एखादे मोठे संकेतस्थळ बंद पडले, की चाहत्यांमध्ये तोच जुना वाद नव्याने सुरू होतो. एक बाजू म्हणते, की डाउनलोड करणारा प्रत्येक जण उपाशी चित्रकाराच्या तोंडचा घास काढून घेतो. दुसरी बाजू म्हणते, की चित्रकाराला तसेही काही मिळत नाही, मग कोणाचे काय बिघडले?

ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात, कारण एका मालिकेचा पैसा कोठून येतो, कोणाच्या हातातून जातो आणि कोठे थांबतो, हे दोन्ही बाजूंनी पाहिलेले नसते. ती वाट समजली, तर नुकसान होते की नाही, याच्या जोडीला ते कोणाचे आणि केव्हा होते हेही सांगता येते.

अनधिकृत डाउनलोड म्हणजे काय

ज्यांच्याकडे मालिकेचे हक्क आहेत, त्यांच्या परवानगीशिवाय तिची प्रत उतरवून घेणे म्हणजे अनधिकृत डाउनलोड. याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्यात एखादे संकेतस्थळ स्वतःच्या किंवा भाड्याच्या सर्व्हरवर भाग साठवते, पाहणाऱ्याला जाहिराती दाखवते आणि त्या जाहिरातींचा पैसा चालक खिशात घालतो. दुसरा मार्ग टॉरेंटचा. येथे कोणताही एक मालक नसतो. एका विद्यार्थ्याच्या वहीतली पाने वर्गभर फिरावीत आणि ज्याच्या हाती जे पान आले, ते त्याने पुढच्याला उतरवून द्यावे, तशी फाइल तुकड्यातुकड्यांनी लोकांमध्ये फिरते. त्यामुळे टॉरेंटवर घेणारा बहुधा त्याच क्षणी देणाराही असतो. ‘मी फक्त घेतले, वाटले नाही’ हे म्हणणे तेथे टिकत नाही.

जपानमध्ये बेकायदा चढवलेले संगीत आणि चित्रफिती जाणूनबुजून उतरवणे १ जानेवारी २०१० पासून बेकायदा आहे. एरवी पैसे देऊन मिळणाऱ्या सामग्रीच्या बाबतीत ऑक्टोबर २०१२ पासून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा वीस लाख येनपर्यंत दंडाची तरतूद झाली, आणि २०२१ पासून मांगा म्हणजे जपानी चित्रकथा व इतर साहित्यही या कक्षेत आले. इतर देशांतले नियम वेगवेगळे आहेत. येथे मुख्य प्रश्न कायद्याचा नसून पैशाच्या वाटेचा आहे.

एक मालिका कोणाच्या पैशावर उभी राहते

बहुतेक चाहत्यांच्या मनात असे चित्र असते, की स्टुडिओ मालिका बनवतो, ती विकतो आणि विक्रीतून चित्रकारांचे पगार देतो. प्रत्यक्षात बहुसंख्य दूरचित्रवाणी मालिका ‘निर्मिती समिती’ नावाच्या व्यवस्थेतून जन्माला येतात. ही पद्धत १९९० च्या दशकाच्या मध्यापासून दूरचित्रवाणीवर घट्ट रुजली. मूळ मांगा छापणारा प्रकाशक, संगीत कंपनी, वाहिनी, खेळणी बनवणारी कंपनी, जाहिरात संस्था असे अनेक भागीदार एकत्र येऊन पैसे घालतात, जोखीम वाटून घेतात आणि नफाही आपापल्या वाट्यानुसार घेतात. मालिका आपटली, तर एकाच कंपनीचे दिवाळे वाजू नये, हा त्यामागचा हिशेब आहे.

स्टुडिओ या समितीचा भागीदार असतोच असे नाही. पुष्कळदा तो फक्त कंत्राटदार असतो. त्याला ठरलेली रक्कम मिळते आणि तेवढ्यात त्याला काम उरकावे लागते. गवंड्याने बांधलेल्या घराचे भाडे घरमालकाला मिळते. घर दहा वर्षे चांगल्या भाड्याने गेले, म्हणून गवंड्याची मजुरी वाढत नाही, आणि भाडेकरूने भाडे बुडवले, म्हणून गवंड्याला दिलेली मजुरी कोणी परतही मागत नाही. मात्र भाडे वरचेवर बुडू लागले, तर मालक पुढचे घर बांधायला काढत नाही.

या एका दाखल्यात वादाच्या दोन्ही बाजूंचा अर्धा अर्धा खरेपणा सापडतो. तुम्ही काल रात्री एक भाग अनधिकृतपणे उतरवला, म्हणून त्या भागातली चित्रे काढणाऱ्याचे मानधन कापले गेले नाही. ते पूर्वीच ठरलेले आणि बहुधा दिलेले होते. त्याचे मानधन कमी आहे हे खरे, पण त्याची मुळे पायरसीपेक्षा जुनी आहेत. १९६३ मध्ये मांगा चित्रकार ओसामु तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शन या स्टुडिओने ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका वाहिनीला निर्मितिखर्चापेक्षा कमी किमतीत दिली आणि तूट खेळण्यांच्या व इतर वस्तूंच्या हक्कांतून भरून काढायचे ठरवले. स्वस्तात बनवायचे आणि कमाई दुसरीकडून करायची, ही रीत तेव्हापासून या व्यवसायाच्या अंगवळणी पडली. मुशी प्रॉडक्शन स्वतः १९७३ मध्ये दिवाळखोरीत गेली. जपानी अ‍ॅनिमेशन कलावंतांच्या जानिका या संघटनेच्या पाहणीत, दोन मुख्य चित्रांमधली चित्रे भरणाऱ्या नवख्या कलावंतांचे २०१३ सालचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे ११ लाख १३ हजार येन निघाले होते. एका माणसाला जपानमध्ये या रकमेत स्वतंत्रपणे राहणे अवघड आहे. हा दोष प्रेक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तो कंत्राटाच्या रचनेत आहे.

मग तोटा नेमका कोठे होतो

तोटा होतो तो पुढच्या निर्णयात. समिती दुसरा हंगाम काढायचा की नाही, त्याच दिग्दर्शकाला पुन्हा संधी द्यायची की नाही, त्या धाटणीच्या दुसऱ्या कथेवर पैसे लावायचे की नाही, हे मागच्या मालिकेच्या हिशेबावरून ठरवते. तो हिशेब म्हणजे प्रेक्षकांचा हजेरीपट. अनधिकृत प्रत पाहणारा माणूस वर्गात बसलेला असतो, मन लावून ऐकत असतो, कदाचित सर्वांत हुशारही असतो, पण त्याचे नाव हजेरीपटावर नसते. पुढच्या वर्षी ‘या विषयाला विद्यार्थीच नाहीत’ म्हणून तो वर्ग बंद होतो, तेव्हा त्याची उपस्थिती कोणाच्याही गणतीत नसते.

पूर्वी हा हजेरीपट फार छोटा होता. रात्री उशिरा दाखवल्या जाणाऱ्या मालिकांचे भवितव्य जपानमध्ये डीव्हीडी आणि ब्लू-रेवर ठरत असे. दोन-तीन भागांची एक तबकडी सहा-सात हजार येनना विकली जाई आणि काही हजार निष्ठावंत ग्राहक मालिका तारून नेत. त्या काळात परदेशातल्या प्रेक्षकाने डाउनलोड केले काय किंवा न केले काय, समितीच्या दृष्टीने तो फारसा गणतीत नव्हता.

आज हे पालटले आहे, आणि चाहत्यांच्या जुन्या युक्तिवादांचा पाया येथेच सरकला आहे. जपानी अ‍ॅनिमेशन संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये अ‍ॅनिमेची परदेशी बाजारपेठ पहिल्यांदा देशांतर्गत बाजारपेठेपेक्षा मोठी झाली. २०२३ मध्ये एकूण बाजारपेठ सुमारे ३ लाख ३४ हजार कोटी येनची होती आणि त्यातले सुमारे १ लाख ७२ हजार कोटी येन जपानबाहेरून आले. म्हणजे निम्म्याहून अधिक. जपानबाहेरचा प्रेक्षक आता मुख्य ग्राहकांपैकी एक आहे, आणि म्हणून त्याची गैरहजेरीही आता मोजली जाते.

हा पैसा समितीकडे कसा पोहोचतो, तेही पाहू. परदेशी प्रक्षेपण सेवा मालिका सुरू होण्यापूर्वीच काही रकमेची हमी देऊन हक्क घेते. नंतरची कमाई त्या हमीपेक्षा वर गेली, तर जास्तीचा वाटा मिळतो. हमीची रक्कम ठरवताना त्या सेवेसमोर एक मोठा आधार असतो: या प्रकारच्या मालिका आमच्याकडे किती जणांनी पाहिल्या, शेवटपर्यंत पाहिल्या का, त्यांच्यामुळे किती वर्गणीदार टिकले. अनधिकृत प्रेक्षकाची भर या आकड्यांत पडत नाही.

यात एक विषमता आहे, आणि ती मला सर्वांत जास्त खुपते. ज्या मालिकेची खेळणी, खेळ, संगीत आणि चित्रपट जगभर खपतात, तिला लाखो अनधिकृत प्रेक्षकही बुडवू शकत नाहीत. ते प्रेक्षक पुढे टी-शर्ट किंवा चित्रपटाचे तिकीट घेतातही. ज्या मालिकेला विकण्यासाठी स्वतःखेरीज काही नाही, जी एखाद्या वृद्ध दांपत्याची किंवा एकाकी मुलीची गोष्ट बारा भागांत सांगते आणि संपते, तिचा सगळा हिशेब पाहिले जाण्यावरच असतो. म्हणजे अनधिकृत डाउनलोडचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. तो नाजूक, मधल्या फळीतल्या आणि धाडसी कामांवर अधिक पडतो. ज्यांना चाहते एकमेकांच्या कानात सांगून जगवतात, नेमकी तीच कामे.

‘फॅनसब नसते, तर अ‍ॅनिमे जगात पोहोचलेच नसते’

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला मान दिला पाहिजे. चाहत्यांनी स्वतः भाषांतर करून उपशीर्षके जोडलेल्या प्रतीला फॅनसब म्हणतात. १९८० आणि १९९० च्या दशकांत हे काम व्हीएचएस फितींवर चाले. एकेक भाग भाषांतरित करायला आठवडे लागत, आणि फिती टपालाने, बहुधा केवळ टपालखर्चावर, फिरत. मालिकेचे हक्क आपल्या देशात कोणी विकत घेतले, की वाटप थांबवायचे, असा संकेत अनेक गट पाळत. त्यातले काही जण पुढे याच क्षेत्रात व्यावसायिक भाषांतरकार झाले. ज्या काळात कोणी विकायलाच येत नव्हते, त्या काळात या लोकांनी बाजारपेठेची मशागत केली, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

२००० नंतर मात्र टॉरेंट आले आणि मशागतीचे प्रमाण बदलले. फितीची प्रत काढताना दर्जा घसरत असे. डिजिटल प्रत मूळ प्रतीइतकीच चांगली आणि प्रक्षेपणानंतर एक-दोन दिवसांत हजर. डिसेंबर २००४ मध्ये मीडिया फॅक्टरी या जपानी कंपनीच्या वकिलांनी फॅनसब गटांना आपल्या मालिका काढून टाकण्याची पत्रे पाठवली, तेव्हा अनेकांना धक्का बसला होता. २००७ ते २००९ या काळात अमेरिकेत अ‍ॅनिमे विकणाऱ्या कंपन्यांपैकी जेनियनचा विक्री विभाग बंद पडला, एडीव्ही मोडीत निघाली आणि सेंट्रल पार्क मीडिया दिवाळखोरीत गेली. याचे सगळे खापर डाउनलोडवर फोडता येणार नाही. हक्कांसाठी मोजलेल्या अवाच्या सवा किमती, दुकानांमधली घसरण आणि मंदी हीही कारणे होती. पण हक्क विकत घेतलेली मालिका वर्ष-दीड वर्षाने दुकानात येणार आणि तिची फुकट प्रत परवाच पाहून झालेली असणार, अशा बाजारात कोण टिकेल?

या पेचावर निघालेला तोडगा फॅनसबच्याच वाटेवर सापडला. क्रंचीरोल हे अ‍ॅनिमे दाखवणारे संकेतस्थळ २००६ मध्ये सुरू झाले, तेव्हा तेथे लोकांनी चढवलेले अनधिकृत भाग असत. जानेवारी २००९ मध्ये त्याने टीव्ही तोक्यो या जपानी वाहिनीशी करार करून ‘नारुतो शिप्पुदेन’चे नवे भाग जपानमधल्या प्रक्षेपणानंतर तासाभरात वर्गणीदारांना आणि आठवड्याने इतरांना दाखवायला सुरुवात केली आणि अनधिकृत सामग्री काढून टाकली. २०२१ मध्ये सोनीने ही सेवा सुमारे ११७ कोटी ५० लाख डॉलरना घेतली. जपानबरोबरच इतरत्र भाग दाखवण्याच्या या पद्धतीला सायमलकास्ट म्हणतात. प्रेक्षकांना फुकटापेक्षाही झटपट हवे आहे, हे फॅनसबने दाखवून दिले आणि उद्योग ते उशिरा का होईना शिकला.

‘जो विकत घेणारच नव्हता, त्याच्यामुळे काय बुडाले?’

परदेशात जपानी सामग्रीचे हक्क जपणारी कोडा ही संस्था आहे. तिच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये चित्रपट, मांगा, संगीत, खेळ असे सर्व धरून जपानी सामग्रीचे ऑनलाइन पायरसीने झालेले नुकसान १ लाख ९५ हजार ते २ लाख २० हजार कोटी येन होते. २०१९ च्या अंदाजाच्या ते सुमारे पाचपट आहे. आकडा छाती दडपवणारा आहे. पण अशा कोणत्याही अंदाजाच्या पोटात एक गृहीतक असते: फुकट पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी एरवी पैसे मोजले असते? हे प्रमाण शंभर टक्के नाही, हे उघड आहे. शून्यही नाही. ते कोठे आहे, हे मोजून पाहावे लागते.

तसे मोजणाऱ्यांपैकी एक म्हणजे केइओ विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ तात्सुओ तानाका. २०११ मध्ये त्यांनी जपानी दूरचित्रवाणी अ‍ॅनिमेचा अभ्यास प्रसिद्ध केला. यूट्यूबवर अनधिकृत भाग पाहिले गेल्याने डीव्हीडीच्या भाडे-व्यवसायाला झळ पोहोचली नाही आणि विक्री तर वाढल्याचे दिसले, विशेषतः प्रक्षेपण संपल्यानंतर. विनी या फाइल वाटपाच्या प्रणालीने मात्र भाड्याचा धंदा कमी केला, विक्रीला धक्का लावला नाही. पुढे त्यांनी मांगावर केलेल्या अभ्यासात आणखी बारकावा दिसला: चालू असलेल्या मालिकांची विक्री पायरसीने घटते आणि संपलेल्या जुन्या मालिकांची वाढते.

हे निष्कर्ष मला फार उपयोगी वाटतात, कारण ते दोन्ही बाजूंना गैरसोयीचे आहेत. जुनी, विस्मरणात गेलेली मालिका फुकट पाहून कोणी तिच्याकडे वळत असेल, तर ती जाहिरातच ठरते. चालू मालिकेला तीच फुकट प्रत पर्याय ठरते. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तो अ‍ॅनिमेचा अभ्यास डीव्हीडीच्या काळातला आहे. अंधुक यूट्यूब चित्रफीत आणि संग्रही ठेवण्याजोगी तबकडी या दोन वेगळ्या वस्तू होत्या, म्हणून एकीने दुसरीची भूक वाढवली. आज अधिकृत सेवेवरचा भाग आणि अनधिकृत संकेतस्थळावरचा भाग यांत पाहणाऱ्याला फारसा फरक उरलेला नाही. त्यामुळे २०११ चा निष्कर्ष उचलून आजच्या डाउनलोडचे समर्थन करणे घाईचे ठरेल.

‘माझ्या देशात ती मालिका मिळतच नाही’

हक्क प्रदेशागणिक विकले जातात. एका मालिकेचे हक्क एका प्रदेशात एका सेवेकडे, शेजारच्या प्रदेशात दुसरीकडे आणि तिसऱ्या प्रदेशात कोणाकडेच नाहीत, असे सर्रास घडते. तिसऱ्या प्रदेशातल्या चाहत्याने काय करावे, याचे समाधानकारक उत्तर उद्योगाकडे नाही, आणि तेथला डाउनलोड कोणाची विक्री बुडवतो हे दाखवणे अवघड आहे. येथे दोष प्रामुख्याने विकणाऱ्यांचा आहे, असे माझे मत आहे.

पण हा आक्षेप घेण्यापूर्वी एकदा शोधून पाहावे, कारण परिस्थिती झपाट्याने बदलली आहे. म्यूझ एशिया आणि अ‍ॅनी-वन एशिया या यूट्यूब वाहिन्या दक्षिण आणि आग्नेय आशियात अनेक मालिका अधिकृतपणे आणि फुकट दाखवतात. प्रेक्षकाला खर्च येत नाही आणि हजेरीही लागते. ‘मिळत नाही’ आणि ‘शोधली नाही’ यांतला फरक ज्याचा त्याला ठाऊक असतो.

चाहत्यांना बसणारी झळ

मे २००९ मध्ये फ्युनिमेशन ही अमेरिकी कंपनी ‘वन पीस’चे भाग जपानबरोबरच ऑनलाइन दाखवणार होती. पहिलाच भाग तिच्या सर्व्हरवरून आधीच कोणीतरी उतरवला आणि पसरवला. जपानी हक्कधारकांचा विश्वास उडाला, प्रक्षेपण थांबले आणि ऑगस्टअखेर पुन्हा सुरू होईपर्यंत नियमाने वाट पाहणाऱ्यांचे तीन महिने गेले. फुटलेल्या प्रतीची किंमत बहुधा अशी तिसराच कोणी मोजतो. हक्कधारक बिचकले, की सामग्री भाषांतरकारांच्या हाती उशिरा पडते, त्यांना घाईने काम उरकावे लागते आणि उपशीर्षकांचा दर्जा घसरतो.

फुकट संकेतस्थळांवरच्या फसव्या जाहिराती, ‘प्लेअर अद्ययावत करा’ म्हणून गळ्यात मारले जाणारे घातक सॉफ्टवेअर, चोरीला जाणारे पासवर्ड यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात मला भर घालायची नाही.

‘विकत घेतलेले तरी कोठे आपले राहते?’

२ एप्रिल २०२४ रोजी फ्युनिमेशनची सेवा कायमची बंद झाली. तबकडीबरोबर मिळणारा संकेतांक वापरून ज्यांनी तेथे डिजिटल प्रती नोंदवल्या होत्या, त्यांच्या त्या प्रतीही गेल्या. पैसे देऊन घेतलेली वस्तू दुकान बंद झाल्याने आपल्या कपाटातून नाहीशी व्हावी, याचा संताप येणे स्वाभाविक आहे, आणि प्रामाणिक ग्राहकाला डाउनलोडकडे ढकलायला याहून प्रभावी उपाय नसेल. वर्गणी म्हणजे मालकी नव्हे, हे समजून घेणे भाग आहे. ज्या मालिकेवर जीव आहे, तिची तबकडी मिळत असेल तर ती घेणे हाच टिकाऊ मार्ग आहे. जी जुनी मालिका तबकडीवर कधी आलीच नाही आणि कोणत्याही सेवेवर नाही, तिची चाहत्याने जपलेली प्रत हीच कदाचित लोकांच्या हाती असलेली एकमेव प्रत असते. अशा प्रतीला आणि कालच्या भागाच्या फुकट प्रतीला एकाच तागडीत तोलणे मला पटत नाही.

‘माझे पैसे स्टुडिओपर्यंत पोहोचतच नाहीत’

अनेक मालिकांच्या बाबतीत हे आजही बव्हंशी खरे आहे. परंतु गवंड्याने घरात हिस्सा घ्यायला सुरुवात केली आहे. क्योतो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओने पूर्वीपासून कलावंतांना पगारी नोकरीत ठेवले, स्वतः कादंबऱ्या छापल्या आणि त्यांवर आधारित मालिकांच्या समितीत स्वतः भाग घेतला. मापा या स्टुडिओने २०२२ मध्ये ‘चेनसॉ मॅन’ ही मालिका समितीशिवाय, संपूर्णपणे स्वतःच्या पैशावर काढली. तेथे नफा झाला तर तो स्टुडिओचा आणि बुडाले तरी स्टुडिओचेच. अशा मालिकेचा अनधिकृत भाग उतरवताना ‘मध्ये बसलेल्या कंपन्यांचे नुकसान होईल, कलावंतांचे नाही’ हे म्हणणे लागू पडत नाही, कारण मध्ये समिती बसलेली नसते. आपण पाहत असलेली मालिका कोणत्या रचनेतून आली, हे प्रत्येक भागाच्या श्रेयनामावलीत लिहिलेले असते. तेथे निर्माता म्हणून निर्मिती समितीचे नाव आहे की स्टुडिओचे, एवढे पाहिले, तरी आपला पैसा कोठवर जातो याचा पुष्कळसा अंदाज बांधता येतो.